अठ्ठेचाळीस पुड्या, एक कात्री

‘फरक नाही.’

पंचाचा निकाल एवढाच होता. बारा आठवडे अठ्ठेचाळीस माणसांनी रोज सकाळी नळीत फुंकलं, पुडी पाण्यात ढवळून प्यायली, प्रश्नांची उत्तरं दिली, आणि सोमवारी नऊ वाजून चार मिनिटांनी मोरदऱ्याच्या माजी सैनिक भवनातल्या पडद्यावर हे दोन शब्द उमटले. गावात पुड्या वाटणाऱ्या वैजयंती फडतरेनं ते तीनदा वाचले. मग तिनं पडद्याला एक अस्सल सातारी शिवी हासडली. पडद्याला शिव्या कळत नाहीत, ही त्याची मोठीच सोय आहे.

पंच म्हणजे कुणी माणूस नव्हे. २०४१ सालापर्यंत औषधांच्या चाचण्यांचा निकाल लावायचं काम माणसांकडून काढून घेतलं गेलं होतं. माणसं लबाडी करतात, आशेला भुलतात, कंपनीच्या मेजवानीला जातात. म्हणून आकडे थेट यंत्राकडे जायचे. ज्या क्षणी यंत्राची खात्री पटेल, त्या क्षणी ते चाचणी थांबवायचं. वर तीन माणसांची एक समिती होती, पण ती यंत्राच्या निकालाखाली सही करण्यापुरती.

मोरदरा हे घरटी एक फौजी देणारं गाव. आणि आता घरटी एक दमेकरी. हा दमा लहानपणापासूनचा नव्हता. उत्तरेच्या बर्फातल्या चौक्यांवर बंद बंकरात रॉकेलच्या बुखाऱ्या म्हणजे शेगड्या पेटवून, त्यांचा धूर छातीत साठवून ही माणसं परत आली, आणि पन्नाशीच्या आसपास एकेकाला जिना चढताना धाप लागायला लागली. नेहमीचा फवारा मारून त्यांना म्हणावा तसा आराम पडेना.

का पडेना, याचं उत्तर शोधायलाच ही चाचणी होती. नेहमीच्या दम्यात श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सापडतो. नळ्यांना सूज आल्याची ती खूण. या फौजींच्या श्वासात तो उलट फारच कमी होता. रोजच्या नळीवर दिसायचा तो त्याचाच आकडा. हा वायू शरीर स्वतः बनवतं, आणि श्वासनळ्यांभोवतीच्या स्नायूंना सैल व्हायला सांगणं हे त्याचं एक काम. तो बनतो आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून. धूर प्यायलेल्या आणि निवृत्तीनंतर वजन वाढलेल्या शरीरात हे आर्जिनिन भलतीकडेच खर्ची पडतं. बाहेरून आर्जिनिन खावं, तर आतडं आणि यकृत मिळून त्यातलं बरंचसं वाटेतच फस्त करतात. पण सिट्रुलिन नावाचं त्याचं एक भावंड आहे, कलिंगडात पहिल्यांदा सापडलेलं. ते यकृताला चकवून मूत्रपिंडापर्यंत जातं आणि तिथं त्याचं आर्जिनिन होतं. व्यायामशाळेतली पोरं ते दंड फुगवायला खातात, पण त्याचा जोर काही तासांतच ओसरतो. या नव्या पुडीतल्या दाण्यांना असं वेष्टण होतं, की ते बारा तास हळूहळू झिरपावेत. असे दाणे बाजारात कुठंच मिळत नव्हते.

अठ्ठेचाळिसांपैकी चोवीस जणांना ते दाणे, आणि चोवीस जणांना हुबेहूब तसंच दिसणारं निरुपद्रवी पीठ. कुणाला काय, हे पुण्याच्या कुलूपबंद यादीत. मोरदऱ्यात ते कुणालाही ठाऊक नव्हतं, पुड्या वाटणाऱ्या वैजयंतीलाही नाही. तिच्यासमोर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. औषध यशस्वी ठरलं तर भाग घेणाऱ्याला ते जन्मभर फुकट. पुडी दुसऱ्याला दिली तर नाव कायमचं कमी, पुन्हा कधीच नाही. कलम चौदा. पहिली सही तिच्या वडिलांची होती, नायब सुभेदार हणमंत फडतरे, क्रमांक एक.

आणि आता म्हणे फरक नाही. औषध आणि पीठ सारखंच.

दुपारी ती रिकाम्या पुड्या बांधायला बसली. त्या फेकायच्या नाहीत, परत पाठवायच्या, असा नियम होता. प्रत्येक पुडीवर माणसाचा क्रमांक आणि दिवसाचा आकडा छापलेला. रागानं हात भराभरा चालत होते. पहिल्या आठवड्याच्या पिशवीतल्या पुड्या बघून तिला हसू आलं. कुणी दातानं फाडलेली, कुणी सुरीनं चिरलेली, तर धनाजी मुळीकांनी प्रत्येक पुडी पोटातून फोडलेली. पुडी फाडण्यातही माणसाचा स्वभाव दिसतो.

तिसऱ्या आठवड्याची पिशवी उघडली आणि तिचं हसू गेलं.

सगळ्या पुड्या एकाच बाजूनं, एकाच तिरप्या रेषेत कापलेल्या होत्या. आणि प्रत्येक कापाच्या मधोमध एक बारीक दात होता. तो दात ती रोज बघत होती, भवनाच्या चहाच्या टपरीवर, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांवर. टपरी रघुनाथ शेडगेंची. पलटणीत ते लंगर सांभाळायचे, म्हणजे शेकडो जवानांचा स्वयंपाक. त्यांच्या जुन्या कात्रीच्या पात्याला खाच होती.

तिनं सगळ्या पिशव्या जमिनीवर ओतल्या आणि दिवसाप्रमाणे लावल्या. नऊ दिवस अठ्ठेचाळीस तऱ्हा. दहाव्या दिवसापासून एकच कात्री.

घरी तिचे वडील, आबा, ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. टरफलांचा ढीग एका बाजूला, दाण्यांचा दुसऱ्या. मधे एक टरफल इकडचं तिकडं नाही.

“आबा, पुड्या कुणी कापल्या?”

“कसल्या पुड्या?”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही. फक्त तब्येतीबद्दल येतं. कुणी कापल्या?”

आबांनी हातातली शेंग फोडली, दाणे ढिगात टाकले आणि मगच वर बघितलं. “शेडग्यानं. माझ्या ऑर्डरनं.”

“का?”

“नवव्या दिवशी धनाजी भवनाच्या पायरीवर बसला तो उठंना. ओठ निळं पडल्यालं. तूच त्याला वाफ दिलीस न्हवं? त्या नळीवर आकडा दिसतोय, वैजू. आमचं काय डोळं फुटल्यात व्हय? कुणाचा आकडा आठाचा सतरा झाला, आन धनाजीचा आठाचा आठ. बारक्या पोराला बी कळंल कुणाच्या पुडीत काय हाय ते. मग समद्यांना रांगंत फॉल इन केलं. सगळ्यांच्या पुड्या लंगरच्या पातेल्यात वतल्या, शेडग्यानं पळीनं हलवलं, आन समद्यांना आठवडाभराचं सारखं वाढलं. मग दर रविवारी.”

“आणि मी रोज विचारत होते, पुडी घेतली का?”

“घेतलीच की. खोटं कोण बोललं?”

वैजयंतीच्या डोक्यात तिडीक गेली. “वाढलंत! लई भारी काम केलंत! सगळ्यांना अर्धं औषध गेलं, म्हणून सगळेच सारखे सुधारले. दोन्ही गटांच्या रेघा एकावर एक बसल्या. यंत्र म्हणालं, औषध आणि पीठ एकच. आता कुणालाच मिळणार नाही. धनाजीकाकांना नाही, तुम्हाला नाही, देशात जे हजारो फौजी असेच धापा टाकतायत त्यांनाही नाही. तुमच्या एका पळीनं सगळ्यांच्या तोंडचा घास गेला!”

आबा हळूच म्हणाले, “पर वैजू, पीठवाल्यांचा आकडा चढला की. तो का चढला, असं त्या यंत्राला वाटलं न्हाय?”

पंच दोन गटांतला फरक मोजत होता. तेवढंच त्याला शिकवलं होतं. पिठानं माणसाच्या श्वासाचा आकडा दुपटीच्या घरात कसा जातो, हा प्रश्न पंचाला पडला नाही. ज्यांना पडायला हवा होता, ती माणसं सह्या करून जेवायला गेली होती.

पण आबांवरचा तिचा राग त्यामुळं कमी झाला नाही. तो जुना होता. आबा चौकीवर असतानाच खोकायला लागले होते. दर वर्षीच्या तपासणीला ते आधी तासभर स्वस्थ बसून राहायचे, श्वास सावरायचे, आणि आत जाऊन म्हणायचे, ‘सब ठीक, साहब.’ आजारी म्हणून नोंद झाली की तब्येतीची कॅटेगरी खाली, बढती बंद, आणि आपल्या पोरांना सोडून मागच्या ठाण्यावर कारकुनी. निवृत्त होतानाही त्यांनी ‘कोणतीही तक्रार नाही’ याखाली सही केली. पुढं दम्यानं छाती आवळल्यावर अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी अर्ज केला, तेव्हा वैद्यकीय बोर्डानं तीच सही दाखवली. सेवेत असताना तक्रारीची नोंद नाही, सबब सेवेशी संबंध नाही. सत्तावीस वर्षांच्या धुराचा निकाल एका ओळीत लागला होता. आजही कुणी विचारलं तरी आबांचं उत्तर ठरलेलं होतं. एकदम ओके.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून डॉक्टर शर्वरी ओगले आल्या. चाचणी त्यांच्या केंद्राची. उरलेले खोके नेऊन नष्ट करायचे होते. वैजयंतीनं त्यांना जमिनीवरच्या पुड्या दाखवल्या, दहाव्या दिवसावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी आधी भवनाचं दार लावून घेतलं. “अजून कुणाला बोललीस?”

“नाही. मॅडम, पहिले नऊ दिवस स्वच्छ आहेत. त्यात दोन्ही रेघा वेगळ्या दिसतील. दहाव्या दिवशी पुड्या एकत्र केल्या आणि तिथून त्या जुळायला लागल्या. हे लिहून दिलं तर पंचाचा निकाल टिकत नाही.”

“नऊ दिवस पंच धरतच नाही, फार लवकरचे असतात ते. आणि लिहून कोण देणार? ज्यानं हे केलं, त्याची नावानिशी कबुली लागेल. कलम चौदा विसरलीस? त्याचं नाव कायमचं जाईल. शिवाय माझ्या केंद्रात अडीच महिने असा पोरखेळ चालला आणि मला पत्ता नव्हता, हेही सिद्ध होईल. केंद्राला टाळं लागेल, वैजयंती. तुझी नोकरी तर गेलीच.”

“पण औषध चालतंय, मॅडम!”

“मला कळतंय ते.” डॉक्टरांचा आवाज उतरला. त्या उठल्या, कोपऱ्यातला एक सीलबंद खोका उचलून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. “यादी आता उघडली आहे. यात सगळ्या खऱ्या पुड्या आहेत. एका माणसाला दोन वर्षं पुरतील. नष्ट केल्याच्या यादीवर मीच सही करणार आहे. वडिलांना दे. आणि त्या रिकाम्या पुड्या जाळून टाक.”

त्या निघून गेल्या. वैजयंती तो खोका मांडीवर घेऊन बसून राहिली. दोन वर्षं! दोन वर्षं आबा जिना चढतील, झोपताना उशीला टेकून बसावं लागणार नाही. काडेपेटी टपरीवर होती, पुड्या समोर होत्या. तिनं खरोखर त्या जाळायचा विचार केला, हे मान्य करायला हवं. चांगला तासभर केला. चीड डॉक्टरांची येत होती, आबांची येत होती, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची, कारण खोका खाली ठेववत नव्हता.

शेवटी ती तो तसाच घरी घेऊन गेली आणि तिनं तो आबांपुढं आदळला. खोका, कलम चौदा, डॉक्टरांचं बोलणं, सगळं सांगून टाकलं.

आबांनी खोक्याला हातही लावला नाही. “ह्ये एकट्याला?”

“एकट्याला.”

“आन धनाजीनं काय करायचं?”

“मला माहीत होतं तुम्ही हेच विचारणार!” ती ओरडली. “म्हणूनच डोकं फिरलंय माझं. एकदा तरी स्वतःपुरतं बघा की! कबुली दिलीत तर सगळ्यांना मिळेल कदाचित, पण तुम्हाला कधीच नाही. कधीच नाही, आबा. कळतंय का?”

“कळतंय.” त्यांना बोलताना दम लागत होता आणि ते तो लपवत होते. “पळी म्या फिरवायला लावली. शेडग्याचं नाव घ्यायचं न्हाय. कुठं सही करायची ते सांग.”

समितीची बैठक गुरुवारी पडद्यावरच झाली. भवनात सगळे अठ्ठेचाळीस जण येऊन बसले होते, कुणीही न बोलावता. खोका सीलबंद अवस्थेत टेबलावर, पडद्यापुढं. तो तिथं ठेवायचा निर्णय वैजयंतीचा. डॉक्टर ओगले पडद्याच्या एका चौकोनात होत्या, खोका दिसल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती.

समितीतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, “पुडी कुणाला द्यायची नाही, ही लेखी सूचना तुम्हाला होती?”

आबा सावधानमध्ये उभे होते. “होती, साहेब.”

“तुम्हाला स्वतःला खरं औषध मिळत होतं. यादीत तसं दिसतंय.”

“ठाऊक होतं, साहेब. माझा आकडा सतरावर गेला होता.”

वैजयंतीनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

“मग का केलंत असं?”

“साहेब, सत्तावीस वर्षं नोकरी केली. अर्ध्या पलटणीला जेवण वाढायचं आन अर्ध्या पलटणीला तसंच दिसणारं पीठ कालवून द्यायचं, असं लंगर म्या कुठं बघितलं न्हाय. चुकलं असंल. सजा मला द्या.”

“प्रयोगाला तुलना लागते, फडतरे,” दुसरे सदस्य समजावणीच्या सुरात म्हणाले. “तुमच्या अशा भावनेपायी विज्ञानाचं किती नुकसान होतं, याची तुम्हाला कल्पना नाही.”

इथं वैजयंतीचा बांध फुटला. “तुलना लागते, बरोबर आहे. त्यांचं चुकलं, मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण तुमचं काय? पिठाच्या गटातल्या चोवीस जणांचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. पीठ खाऊन! ते तुमच्यासमोर बारा आठवडे पडद्यावर होतं. तुमच्यापैकी एकानं तरी फोन करून विचारलं, की बाई, तुमच्या गावात चाललंय काय? यंत्रानं दोन शब्द सांगितले आणि तुम्ही खाली सह्या ठोकल्या. यांनी निदान नियम मोडून सांगितलं तरी. तुम्ही नियम पाळून झोपा काढल्यात!”

मग मागून धनाजी मुळीक उठून उभे राहिले. मग शेडगे. मग सगळेच. कुणाचा श्वास वाजत होता, कुणाचा शिट्टी घालत होता, आणि तो आवाज पडद्यापलीकडं तिघांनाही नीट ऐकू गेला असणार, कारण चष्मेवाल्यांनी चष्मा काढून ठेवला.

निकाल यायला तीन आठवडे लागले. पुड्यांवरचे काप तपासले गेले, नऊ दिवसांचे आकडे पंचाला वेगळे काढून पुन्हा दिले गेले. या वेळी निकाल दोन शब्दांचा नव्हता, चांगला दीड पानाचा होता. मोरदऱ्यातल्या सत्तेचाळीस जणांना आता खरं औषध उघडपणे द्यायचं. तुलनेचा गट दुसऱ्या जिल्ह्यात घ्यायचा, नळीवर आकडा न दाखवता. औषध टिकलं तर सत्तेचाळिसांना ते जन्मभर. डॉक्टर ओगलेंकडून केंद्र काढून दुसऱ्याला दिलं. वैजयंतीला सक्त ताकीद, पण पुड्यांची तारीख तिनंच शोधली म्हणून नोकरी राहिली. कबुली एकाचीच होती. क्रमांक एक कायमचा कमी.

सोमवारी सकाळी भवनापुढं रांग लागली. हजेरी आबांनीच घेतली. तो मान कुणी काढून घेतला नव्हता. पुडी मिळालेले धनाजीकाका तिथंच घुटमळत राहिले.

“सुभेदारसाब, चिमूटभर तरी...”

“मुळीक!” आबांचा आवाज असा चढला की रांग ताठ झाली. “या खेपंला एक कण इकडचा तिकडं झाला तर गाठ माझ्याशी हाय. ज्याची पुडी त्यानंच प्यायची. माझ्यासमोर प्यायची. ऑर्डर हाय.” मग त्यांनी शेडग्यांपुढं हात केला. “कात्री.”

शेडग्यांनी निमूट खिशातून कात्री काढून दिली. आबांनी ती वैजयंतीच्या टेबलावर ठेवली.

सत्तेचाळीस जण प्यायले. कुणी आबांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सगळ्यांनी ऑर्डर तंतोतंत पाळली, आणि वैजयंतीला वाटलं, यांच्यातल्या एकानं तरी आज ती मोडायला हवी होती. तिनं दात आवळून एकेकाचा आकडा घेतला, एकेकाला विचारलं, श्वास कसा आहे, आणि लिहून घेतलं.

रांग संपली. भवन रिकामं झालं. आबा मात्र दाराजवळच्या बाकावर बसून होते, हात गुडघ्यांवर, खांदे वर खेचलेले. सवयीनं, कुठलंही उत्तर अपेक्षित नसताना, तिनं विचारलं, “श्वास कसा आहे?”

आबांनी तोंड उघडलं. ते ठरलेले दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले, हे तिनं पाहिलं. मग ते गिळून आबा म्हणाले, “न्हाय पुरत, बाळ. चौकीवर हुतो तवापास्नं न्हाय पुरत.”

हे वाक्य ऐकायला ती वर्षानुवर्षं भांडली होती. बोर्डापुढं, घरात, आई होती तेव्हा आईच्या वतीनंसुद्धा. आणि आज ते आलं, तर तिच्यापुढच्या तक्त्यात क्रमांक एकचा रकानाच उरला नव्हता.

तिनं तक्ता बाजूला सारला. स्वतःची वही काढली, पट्टी घेतली आणि कोऱ्या पानावर एक रकाना आखला. वर तारीख घातली. त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिलं, ‘न्हाय’ला ‘नाही’ न करता. पेन इतकं दाबलं की कागद त्याच्या टोकानं फाटायला आला.

“उद्या परत सांगायचं,” ती म्हणाली. “रोज सांगायचं. मी रोज लिहिणार, आणि हे बोर्डाच्या तोंडावर नेऊन टाकणार. घ्या, सही करा.”

आबांनी खिशातून चष्मा काढला. वाक्य सावकाश वाचलं, ओठ हलवत, दोनदा. मग पेन घेऊन सही केली, आणि तिनं न सांगता सहीखाली आपला फौजी नंबर घातला.